अंडी जातात कुठे? पावसाळ्यातल्या सात कोंबड्यांचं एक प्रकरण

राजापूर तालुक्यातलं एक घर. मागच्या परसात सात कोंबड्या आणि एक कोंबडा. चार कोंबड्या ग्रामप्रिया, म्हणजे हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसातल्या पालनासाठी तयार केलेल्या तपकिरी अंड्यांच्या जातीच्या, वय सुमारे ११ महिने. उरलेल्या तीन गावठी, दोन-तीन वर्षांच्या. खुराडं जांभ्या चिऱ्यांचं, वर कौलं, पुढे जाळीचं दार. आत झोपायला बांबूची आडवी काठी. दारापुढे १० फूट बाय ८ फूट जाळीचं अंगण, त्यातल्या निम्म्यावर ताडपत्री.

मार्चपर्यंत रोज चार-पाच अंडी हाती येत होती. मे महिन्यात तीन. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एक, आणि काही दिवस एकही नाही. कोंबड्या मात्र ठणठणीत: तुरे लाल, डोळे स्वच्छ, खाणं जोरात, विष्ठा घट्ट.

घरातल्या आजींचा पहिला संशय सापावर. "जनावर शिरतंय गो खुराड्यात, नीट बघ." मग मुंगसावर, मग कावळ्यावर. चिऱ्यांमधल्या फटी सिमेंटने बुजवल्या, दाराखालची दोन बोटांची जागा फळीने बंद केली, अंगणावर बारीक जाळी ताणली. आठ दिवसांत काही फरक पडला नाही. एवढी डागडुजी करूनही अंडी जात असतील, तर खाणारं तोंड आतच आहे असं धरून चालावं लागतं.

कोंबड्या अंडी देत होत्या का?

शोध सुरू करायचा तो इथून. अंडी दिलीच जात नसतील तर चोर शोधण्यात अर्थ नाही. यासाठी कोंबडी हातात घेऊन बघावी लागते. रात्री काठीवर बसलेली असताना अलगद उचलायची, डोकं आपल्या काखेकडे, पाय एका हातात. दुसऱ्या हाताने शेपटीखाली, विष्ठाद्वाराच्या दोन बाजूंना असलेली ओटीपोटाची दोन टोकदार हाडं चाचपायची. अंड्यावर असलेल्या कोंबडीत त्या दोन टोकांमध्ये दोन ते तीन बोटं सहज मावतात, हाडं थोडी लवचीक लागतात, आणि द्वार रुंद, ओलसर, फिकट असतं. अंड्यावर नसलेल्या कोंबडीत जेमतेम एक बोट मावतं आणि द्वार कोरडं, आक्रसलेलं असतं.

इथे चारही ग्रामप्रिया अंड्यावर होत्या. गावठींपैकी एक अंड्यावर होती, एक पिसं टाकत होती आणि एक खुडूक, म्हणजे अंडी देणं थांबवून उबवायला बसली होती. म्हणजे पाच कोंबड्या देत्या. दिवसाला निदान तीन अंडी पडायलाच हवीत. ती पडत होती आणि हाती येईपर्यंत नाहीशी होत होती.

खुराड्यातल्या खुणा

अंडी घालायला जागा एकच, दाराशेजारच्या कोपऱ्यात जमिनीवर ठेवलेली आंब्याची जुनी लाकडी पेटी. आत मूठभर पेंढा, तोही तुडवून सपाट झालेला. पेंढा बाजूला केला तर तळाच्या फळ्या पिवळट, चिकट, आणि फटींतून तांबड्या मुंग्यांची रांग. कवचाचा तुकडा एकही नाही.

ही खूण नीट वाचायला हवी, कारण प्रत्येक चोराची रीत वेगळी. साप अंडं अख्खं गिळतो. मागे ना कवच, ना ओल. मुंगूस अंडं फोडतं आणि कवचाचे मोठे तुकडे टाकून जातं. कावळा भोक पाडतो किंवा उचलून नेतो, पण तो दिवसाउजेडी येतो आणि कोंबड्या ओरडून घर डोक्यावर घेतात. उंदीर-घुशी अंडं ढकलत बिळाकडे नेतात. कोंबडी स्वतः अंडं खाते तेव्हा बलक, पांढरं, कवच, आतला पापुद्रा, सगळं संपवते. उरते ती फक्त ओल आणि पेंढ्याला चिकटलेला पिवळा डाग. इथे तेच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास एका ग्रामप्रियेच्या चोचीच्या बुडाशी बलक वाळलेला दिसला, तेव्हा शंका उरली नाही.

अशा वेळी बहुतेक घरांत त्या कोंबडीचा निकाल लावतात. "एकदा चव लागली की सुटत नाही" हे वाक्य ठरलेलं. आमच्या मते ही घाई चुकीची आहे. चांगल्या कवचाचं अंडं कोंबडी सहसा मुद्दाम फोडत नाही. आधी अंडं फुटतं, मग तिला चव लागते. ही कोंबडी कापली असती तर महिन्याभरात दुसरी तयार झाली असती, कारण अंडी फुटतच राहिली असती.

ती का फुटत होती, हे बांबूच्या काठीखाली कळलं. रात्री काठीखाली खताची जुनी गोणी उलटी करून अंथरली. पहाटे उजाडण्याआधी बॅटरी लावून पाहिलं तर विष्ठेत एक रिकामा पापुद्रा पडलेला होता, भिजवलेल्या पापडासारखा मऊ, कडेला पिवळा ओघळ. बिनकवचाचं अंडं. अशी अंडी कोंबडी पुष्कळदा पेटीत न जाता रात्री काठीवरूनच टाकते आणि उजाडताच खालची मंडळी ती फस्त करतात. घरातल्या माणसाला पत्ताही लागत नाही. परसात कोंबड्या पाळणाऱ्या प्रत्येकाने आठवड्यातून एकदा तरी हे गोणीचं काम करावं. पैसा लागत नाही आणि कवचाचा बिघाड अंडी फुटू लागण्याआधी दिसतो.

हाती आलेली दोन अंडी अंधारात मोबाइलच्या टॉर्चवर धरून पाहिली. कवचावर जागोजागी उजळ ठिपके आणि एका अंड्याला केसासारखी बारीक चीर. अंगठ्याने हलकं दाबल्यावर टोकाकडचा भाग दबला.

कवच बिघडवणारे आजारही असतात, म्हणून ते आधी बाजूला काढले. श्वसननलिकेच्या विषाणूजन्य आजारात कवच सुरकुततं, पांढरं पाण्यासारखं पातळ होतं, शिंका आणि घरघर असते. इथे पांढरं घट्ट होतं, आवाज स्वच्छ होता. मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची लस वेळेवर झालेली होती. रात्री काठीच्या टोकांना आणि फटींना पांढरा कागद घासून पाहिला. रक्त पिणाऱ्या बारीक किड्यांचे लाल डाग उठले नाहीत. द्वाराभोवतीच्या पिसांच्या बुडाशी उवांच्या लिखांचे गुच्छही नव्हते. मग खाद्य पाहिलं.

कणीचा हिशोब

जूनच्या सुरुवातीला लेअर खाद्याची, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी मिळणाऱ्या तयार खाद्याची नवी गोणी आली तेव्हा ती पुरवून वापरायची ठरली. निम्मं खाद्य, निम्मी तांदळाची कणी. कोंबड्यांनी ते आवडीने खाल्लं, त्यामुळे काही चुकतंय असं कोणाला वाटलं नाही.

अंडं देणारी कोंबडी दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाते. चांगल्या लेअर खाद्यात कॅल्शियम ३.५ ते ४ टक्के असतं. ३.८ टक्के धरलं, तर ११० ग्रॅममधून तिला ४.२ ग्रॅम मिळतं. एका अंड्याच्या कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम जातं आणि खाल्लेल्यातलं साधारण निम्मंच अंगी लागतं, म्हणजे रोजची गरज जवळपास ४ ग्रॅम. पूर्ण खाद्यावर हिशोब काठोकाठ जमतो. निम्मी कणी केली की खाद्य उरलं ५५ ग्रॅम, कॅल्शियम २.१ ग्रॅम. कणीत कॅल्शियम जवळजवळ नसतंच. प्रथिनंही १७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांच्या आसपास येतात. म्हणजे कोंबडीला अर्ध्या पगारात पूर्ण काम करायला लावलं.

ती काही दिवस करतेही. लांब हाडांच्या पोकळीत तिने कवचासाठी कॅल्शियमची वेगळी शिल्लक ठेवलेली असते, त्यातून ती भागवते. म्हणून खाद्य बदललं की लगेच काही दिसत नाही. आठवड्या-दोन आठवड्यांनी कवच पातळ व्हायला लागतं आणि तोवर घरच्यांच्या लेखी कणीचा विषय संपलेला असतो.

मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्या मातीतून चुनखडी टिपतात, हे काही भागांत खरं आहे. कोकणात त्यावर विसंबता येत नाही. जांभ्याची माती आम्लधर्मी, आणि हंगामात ३,००० मिलिमीटरच्या वर पडणाऱ्या पावसाने तिच्यातलं कॅल्शियम केव्हाच धुऊन नेलेलं. इथल्या कोंबडीने दिवसभर माती उकरली तरी तिला किडे मिळतील, चुना मिळणार नाही.

त्यात उन्हाळ्याची भर होती. कवचाला कार्बोनेट लागतं आणि ते रक्तातल्या बायकार्बोनेटमधून येतं. मे महिन्यातल्या उकाड्यात कोंबडी चोच उघडून धापा टाकते तेव्हा रक्तातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, बायकार्बोनेट घटतं, शिवाय ती खातेही कमी. म्हणजे कवचं मेमध्येच नाजूक झालेली होती. जूनमध्ये कणी आली. पाऊस लागल्यावर कोंबड्या दिवसभर कोंडल्या गेल्या. आणि त्याच सुमारास एक गावठी खुडूक होऊन एकुलत्या एक पेटीत ठाण मांडून बसली. बाकीच्या चौघी-पाच जणी तिच्या अंगावर चढून अंडी घालू लागल्या. पातळ कवच, खाली उघडी फळी, वर तीन-तीन कोंबड्यांचे पाय. पहिलं अंडं तिथे फुटलं असणार.

काय केलं

पहिल्याच दिवशी कणी बंद. सात कोंबड्या आणि एका कोंबड्याला मिळून रोज सुमारे ८०० ग्रॅम पूर्ण लेअर खाद्य, आणि संध्याकाळी खुराड्यात बोलवायला म्हणून सगळ्यांत मिळून एक मूठ कणी. त्याहून जास्त नाही. या हिशोबाने ५० किलोची गोणी दोन महिने जाते, पण कोकणातल्या पावसाळ्यात दोन महिने खाद्य टिकत नाही. ते दमट होतं, गठ्ठे धरतं, बुरशी येते, आणि बुरशीचं विष अंडी आणि यकृत दोन्ही बिघडवतं. म्हणून गोणी शेजारच्या घराशी वाटून घेतली आणि आपला वाटा झाकणाच्या पिंपात, भिंतीपासून दूर, फळीवर ठेवला. वास कुबट आला की ते खाद्य कोंबड्यांना घालायचं नाही, कितीही जीव तुटला तरी.

दुसरं, शिंपल्यांचा चुरा. समुद्रकाठच्या घरात याला विकत जायला नको. तिसऱ्यांचे आणि कालवांचे शिंपले उकळून, उन्हात किंवा चुलीजवळ खडखडीत वाळवून, गोणपाटात गुंडाळून दगडाने फोडले आणि चाळले. खडे २ ते ४ मिलिमीटरचे हवेत, साधारण तुरीच्या डाळीएवढे. इथे पीठ करण्याची चूक फार होते. अंड्याचं कवच तयार व्हायला सुमारे २० तास लागतात आणि त्यातले बरेचसे रात्रीचे, जेव्हा कोंबडी काही खात नाही. पीठ संध्याकाळीच आतड्यातून पुढे निघून जातं. खडा पेषणीत, म्हणजे खाद्य दळणाऱ्या जठरात थांबतो आणि रात्रभर हळूहळू विरघळत राहतो. म्हणूनच चुरा दुपारी तीननंतर ताजा घालायचा. तो खाद्यात मिसळायचा नाही, वेगळ्या वाटीत ठेवायचा. ज्या कोंबडीला गरज आहे ती बरोबर तेवढाच उचलते, आणि कोंबड्याच्या पोटात नको तेवढं कॅल्शियम जात नाही. पहिले दोन दिवस सात जणींनी मिळून शंभर ग्रॅमच्या आसपास फस्त केला, मग मागणी आपोआप पाव भागावर आली.

अंड्यांची टरफलं चालतात, पण भाजून, पूर्ण चुरून. अर्धी टरफलं तशीच भिरकावली तर आपणच कोंबडीला अंड्याचा आकार आणि चव यांची सांगड घालून देतो. पानाला लावायचा चुना पाण्यात कालवून देण्याची पद्धत मात्र सोडून द्यावी. तो दाहक असतो, तोंड आणि अन्ननलिका पोळते, आणि कडवट पाणी कोंबडी कमी पिते. पाणी कमी की अंडीही कमी.

तिसरं काम पेटीचं, आणि खाण्याची सवय मोडली ती मुख्यतः या कामाने. जुन्या आंब्याच्या पेटीशेजारी तशीच आणखी एक आणली. दोन्ही जमिनीपासून दीड फुटावर, झोपायच्या काठीपेक्षा खाली बसवल्या; पेटी काठीपेक्षा उंच गेली की कोंबड्या तिच्यात झोपतात आणि अंड्यांवर घाण होते. आत मागच्या बाजूला उतरती फळी टाकली, ३० सेंटिमीटरला ४ सेंटिमीटर उतार. फळीवर प्लास्टिकच्या हिरवळीचं पायपुसणं. मागच्या भिंतीत तळाशी ७ सेंटिमीटरची आडवी फट, तिच्यापलीकडे कापड अंथरलेलं बंद खोकं, त्याला वरून उघडणारं झाकण. पुढून गोणपाटाच्या दोन पट्ट्यांचा पडदा, म्हणजे आत अंधार. कोंबडी अंडं घालते, उभी राहते, वळते. तोवर अंडं घरंगळत मागे गेलेलं असतं. चोच मारायला काही उरत नाही.

उताराचं माप काटेकोर ठेवावं. ४ ऐवजी ६ सेंटिमीटर केला की अंडी एकमेकांवर आदळून चिरतात; २ केला की ती तिथेच थांबतात. आणि पायपुसण्यावर "कोंबडीला मऊ लागावं" म्हणून कोणी पेंढा घातला की सगळी यंत्रणा बंद. हे या घरात तिसऱ्याच दिवशी घडलं. आजींनी मायेने पेंढा भरला आणि दोन अंडी तिथेच अडकून खाल्ली गेली.

जागा बदलल्यावर कोंबड्या नव्या पेटीत जाईनात, कोपऱ्यातल्या मातीतच बसू लागल्या. त्यावर उपाय जुना आहे: अंड्याएवढी पांढरी गुळगुळीत गारगोटी प्रत्येक पेटीत एक, घरंगळू नये म्हणून तारेने बांधलेली. ती पाहून कोंबडीला जागा सुरक्षित वाटते, आणि जी चोच मारते तिच्या हाती काही लागत नाही. कोपऱ्यात दोन चिरे आडवे ठेवून तिथली जागाच संपवली.

रिकाम्या अंड्यात मिरचीपूड भरून ठेवण्याचा सल्ला गावात तिघांनी दिला. तो निरुपयोगी आहे. मिरचीचा जो घटक आपल्या जिभेला झोंबतो तो पक्ष्यांना जाणवतच नाही. पोपट मिरच्या खातो तो त्यामुळेच. चोच तापल्या सुरीने छाटण्याचा सल्लाही आला. चोचीच्या टोकात नसा असतात, ती वेदना टिकते, आणि घरच्या सात कोंबड्यांसाठी त्याची काही गरज नाही.

खुडूक गावठीला पेटीतून काढलं. तिच्याखाली अंडी ठेवून २१ दिवस बसवता आली असती, पण ऐन पावसात निघालेली पिल्लं दमटपणात जगवणं अवघड, म्हणून खुडूकपणा मोडायचं ठरलं. नुसत्या डालग्याखाली झाकून ते होत नाही, कारण तिथेही जमिनीची ऊब मिळते. डालगं जाळीवर ठेवलं आणि जाळी चार विटांवर, म्हणजे पोटाखालून वारा. खाद्य, पाणी, वर आडोसा. चौथ्या दिवशी तिचा फुगारा उतरला आणि ती बाकीच्यांबरोबर चरायला लागली. अशा कोंबडीला पावसात गार पाण्यात बुचकळून काढण्याचा प्रकार करू नये. ती भिजून गारठते आणि आजारी पडते.

कोंडलेल्या कोंबड्यांच्या चोचीला दिवसभर काम हवं असतं. ताडपत्रीखाली जुन्या घमेल्यात तीन भाग कोरडी माती आणि एक भाग चुलीची राख घालून धूळस्नानाची जागा केली. मुळ्याच्या आणि माठाच्या जुड्या कोंबडीच्या डोक्याच्या उंचीवर टांगल्या. अंडी सकाळी आठ, दहा, बारा आणि दोनला काढायची ठरली, कारण बहुतेक अंडी दुपारच्या आतच पडतात.

चोचीला बलक लागलेली ती कोंबडी दहा दिवस जाळीच्या वेगळ्या कप्प्यात, बाकीच्यांना दिसेल अशी ठेवली. कप्प्याचा तळही उतरता. पूर्ण नजरेआड केली असती तर परत सोडल्यावर मारामाऱ्या झाल्या असत्या.

पुढे काय झालं

सहाव्या दिवशी टॉर्चवरचे उजळ ठिपके कमी झाले. पहिल्या आठवड्यात हाती आलेली अंडी ९, दुसऱ्यात १७, चौथ्यात २४. सुटून आलेली कोंबडी पहिल्या दिवशी गारगोटीला दोनदा टोचून बाजूला झाली, आणि त्यानंतर अंड्याच्या वाटेला गेली नाही.

मध्ये एकदा घसरण झाली. वाऱ्याने ताडपत्री सरकली, शिंपल्यांची वाटी भिजली, चुरा चिकटून गोळा झाला, तीन दिवस कोणी हात लावला नाही. चौथ्या दिवशी गोणीवर पुन्हा पापुद्रा. वाटी खुराड्याच्या आत भिंतीला टांगल्यावर ते थांबलं. पायपुसणी दोन ठेवावी लागतात, हेही तेव्हाच कळलं. एक धुऊन चुलीजवळ वाळते तेव्हा दुसरी पेटीत, नाहीतर आठवड्यात बुरशी धरते.

चार ग्रामप्रियांपैकी एक मात्र पूर्ण खाद्य आणि शिंपले मिळूनही आठवड्यातून एखादं बिनकवचाचं अंडं टाकतच राहिली. कधीकधी कवच घडवणाऱ्या अवयवातच दोष राहून जातो. अशा कोंबडीवर नजर ठेवावी लागते, कारण अंडं बाहेर ढकलणाऱ्या स्नायूंनाही कॅल्शियम लागतं, आणि मऊ अंडं कडक अंड्यापेक्षा जास्त अडकतं. ती दिवसा पंख फुगवून, शेपटी खाली पाडून, शरीर उभं धरून बसली आणि कुंथत राहिली, तर कोमट पाण्याच्या टबात पोट बुडेल एवढी १५ ते २० मिनिटं बसवायची, मग पुसून कोरडी करून अंधाऱ्या उबदार जागी ठेवायची. पोट दाबून अंडं काढायचा प्रयत्न करायचा नाही. आत फुटलं तर कोंबडी जाते. काही तासांत सुटली नाही, तर त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्यायची.

तिच्यासाठी काठीखालची गोणी आता कायमची अंथरलेली असते, आणि खुराड्याचं दार उघडण्याआधी ती बाहेर ओढून झटकली जाते.